मोबाइल हातात येतो तो नेमका कधी?

संपादक महोदय,

स.न.वि.वि.

गेमचा नाद आणि ऑनलाइन शॉपिंगचा नाद यावर तुमच्या सदरात अधूनमधून पत्रं येतात आणि मी ती सगळी वाचतो, कारण हा विषय काही वर्षं माझ्या पोटापाण्याचा होता. बहुतेक पत्रांचा सूर एकच, की आजकाल लोकांना मनावर ताबा राहिलेला नाही, जरा मन घट्ट केलं की सगळं सुटतं. लिहिणाऱ्यांच्या हेतूबद्दल मला शंका नाही. पण मी एका शॉपिंग अ‍ॅपच्या कंपनीत नोटिफिकेशन लिहायच्या टीममध्ये होतो, म्हणजे मोबाइल टुंग वाजतो आणि वर दोन ओळी दिसतात ना, त्या ओळी लिहिणारा माणूस मी, त्यामुळे ‘मन घट्ट करा’ वाचलं की मला हसू पण येतं आणि थोडी लाज पण वाटते. कंपनीचं नाव लिहीत नाही.

तिथे काम कसं चालायचं ते आधी सांगतो. दोन ओळी लिहिणं हा त्यातला सगळ्यात सोपा भाग, खरा खेळ वेळेचा. कोण माणूस दिवसात केव्हा अ‍ॅप उघडतो याची नोंद सिस्टिमकडे असते आणि त्याच्या त्या ठरलेल्या वेळेच्या जरा आधी त्याला मेसेज जातो. मेसेजची दोन रूपं करायची, अर्ध्या लोकांना हे, अर्ध्यांना ते, ज्याच्यावर जास्त बोटं पडली ते चालू ठेवायचं आणि दुसरं फेकून द्यायचं, याला ए-बी टेस्ट म्हणतात आणि ती सतत चालू असते. कार्टमध्ये टाकून ठेवलेली वस्तू घेतली नाहीत तर ‘तुमची वस्तू वाट बघतेय’, उलटं पळणारं घड्याळ, ‘शेवटचे दोनच शिल्लक’, आयकॉनवरचा तो लाल ठिपका, सगळं याच कारखान्यातलं. आमच्या एकाही मीटिंगमध्ये ताण किंवा टेन्शन हा शब्द निघालेला मला आठवत नाही, तिथे फक्त आकडे असायचे. पण ज्या वेळा वर यायच्या त्या बघा, रात्री उशिरा, काम संपल्यावर लगेच, आणि सुट्टीच्या दिवसाची संध्याकाळ जेव्हा उद्याचा दिवस डोक्यात घुमायला लागतो. कोणाचं काय बिनसलंय हे मशीनला माहीत नव्हतं आणि माहीत असायची गरजही नव्हती, बिनसलं की हा माणूस काय करतो एवढं त्याला पाठ होतं.

आणि गंमत अशी की हे सगळं करणारा मी स्वतः त्याच चिखलात होतो. दर आठवड्याला रिव्ह्यू मीटिंग, तिथे टार्गेटवरून सगळ्यांसमोर झाडून काढायचे, मी जागेवर येऊन बसायचो आणि बोट आपोआप दुसऱ्याच एका शॉपिंग अ‍ॅपवर जायचं. हेडफोन, चार्जिंगची केबल, टेबलावरचा दिवा, परत हेडफोन. घरी पार्सल यायची आणि कपाटावर तशीच पडून राहायची, न फोडता. बायको एकदा म्हणाली, “अरे, निदान उघडून तरी बघ, आत काय आहे ते तुला तरी आठवतंय का?” नव्हतं आठवत. हवीहवीशी वाटलेली वस्तू दारात आली आणि मला ती उघडायचीही इच्छा नाही, याचा अर्थ मला कितीतरी दिवस लागला नव्हता.

तो लागला केंट बेरिज आणि टेरी रॉबिन्सन या अमेरिकेतल्या दोन संशोधकांबद्दल वाचलं तेव्हा. त्यांनी १९९३ मध्ये मांडलं की एखादी गोष्ट हवीशी वाटणं आणि ती आवडणं ही मेंदूत दोन वेगवेगळी कामं आहेत, आणि व्यसनात हवंसं वाटणं वाढत जातं पण आवडणं काही त्याच्याबरोबर वाढत नाही. माझं कपाट म्हणजे याचा पुरावाच होता. माझी मजा ‘ऑर्डर कन्फर्म’ दिसेपर्यंतच होती, फार तर पार्सल कुठे पोचलं ते दहा वेळा बघण्यापर्यंत.

आता तुम्ही म्हणाल की कुत्रा आणि घंटा सांगणार हा. सांगतो, पण थोडंच, कारण शाळेत ऐकलेलं असतं. पावलोव्ह या रशियन शास्त्रज्ञाला नोबेल मिळालं १९०४ साली ते खरं तर पचनावरच्या कामाबद्दल, पण नाव राहिलं ते लाळेमुळे, खाण्याआधी एक ठरावीक आवाज करत राहिलं की नुसत्या आवाजानेच कुत्र्याच्या तोंडाला पाणी सुटतं. इथवर सगळ्यांना माहीत असतं. मला जास्त हादरवून गेलं ते मेंदूचा अभ्यास करणारे वोल्फ्राम शुल्ट्झ यांचं माकडांवरचं काम, १९९७ मध्ये त्यांनी पीटर डायन आणि रीड माँटेग्यू यांच्याबरोबर त्यावर एक लेख लिहिला तो बराच गाजला. माकडाला अचानक फळाचा रस मिळाला की त्याच्या मेंदूतल्या डोपामिन नावाचं रसायन सोडणाऱ्या पेशी जोरात चालतात, हे ठीक. पण रसाच्या आधी दर वेळी एक खूण दाखवायला लागलं, समजा दिवा, की काही दिवसांनी त्या पेशी रसाला फारसं विचारत नाहीत, दिव्यालाच उसळतात. आणि दिवा लागला पण रस आलाच नाही तर जेव्हा रस यायचा त्या क्षणी त्यांचं काम नेहमीपेक्षाही खाली जातं. म्हणजे बघा, लाल ठिपका दिसला की आत काय आहे हे कळायच्या आधीच सगळी खळबळ होऊन गेलेली असते, आणि ठिपका बघून तुम्ही मोबाइल बाजूला ठेवलात तर काहीतरी हातचं गेल्यासारखं वाटतं, जे मुळात हातात कधी नव्हतंच. माणसाचा मेंदू म्हणजे माकडाचा मेंदू नाही हे मान्य, पण स्वतःला बघून मला तरी फार फरक वाटला नाही.

त्यात दर वेळी काहीतरी मिळालंच असतं तर माणूस कंटाळला असता. कधी मिळतं कधी नाही, आणि कधी मिळेल ते ठाऊक नाही, हे सगळ्यात चिवट. स्किनर आणि फर्स्टर या दोघा मानसशास्त्रज्ञांनी हे कबुतरांवर अगदी चिकाटीने तपासून १९५७ मध्ये छापलं होतं, किती चोची मारल्यावर दाणा येईल ते बदलत राहिलं की कबुतर थांबतच नाही. गेममधली ती पेटी, जिच्यात काय निघेल ते उघडल्याशिवाय कळत नाही, किंवा शॉपिंगमधलं ‘स्क्रॅच करा आणि बघा’, हे तेच आहे. आमच्या टीममधल्या कोणी स्किनर वाचला नसेल बहुतेक, पण ए-बी टेस्ट करत करत आम्ही बरोब्बर तिथेच पोचलो.

पण माझं पत्र घंटेबद्दल नाही, ताणाबद्दल आहे, आणि इथेच मन घट्ट करा म्हणणाऱ्यांशी माझं भांडण आहे. लार्स श्वाबे आणि ऑलिव्हर वोल्फ या दोन जर्मन संशोधकांनी २००९ मध्ये एक प्रयोग छापला. काही लोकांना आधी ताण दिला, म्हणजे बर्फासारख्या गार पाण्यात हात धरायला लावला, वर समोर एक माणूस रोखून बघतोय आणि कॅमेरा चालू, आणि बाकीच्यांना साध्या कोमट पाण्यात. मग सगळ्यांना शिकवलं की काय निवडलं की खायच्याप्यायच्या दोन चवींपैकी कुठली मिळते. त्यानंतर एका चवीचं इतकं खायला दिलं की ती नकोशी व्हावी. परत निवडायला बसवल्यावर ज्यांना ताण दिला नव्हता त्यांनी नकोशा झालेल्या वस्तूसाठीची निवड कमी केली, जे कोणीही शहाणा माणूस करेल. ताण घेतलेले मात्र तेच निवडत राहिले. त्यांना ते नकोय हे त्यांनाही कळत होतं, पण हात सवयीने चालत होता.

हे वाचून मी कपाटाकडे बघितलं. तीन हेडफोन असताना चौथा घेणारा माणूस मूर्ख नसतो, त्याच्या डोक्यातला ‘हे मला हवंय का’ विचारणारा भाग तेवढ्यापुरता मागच्या बाकावर गेलेला असतो आणि गाडी सवय चालवत असते. आणि आपण त्याला सांगतो काय, तर नेमक्या त्याच मागे बसलेल्याला पुढे बोलव. ज्या क्षणी मन घट्ट करायचं तोच क्षण मन सैल करणारा असतो, मग हा सल्ला म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी.

शिवाय अजून एक गोष्ट होते आणि ती फार हळू होते त्यामुळे लक्षात येत नाही. सुरुवातीला माणूस गेम उघडतो किंवा शॉपिंग करतो ते मजा येते म्हणून. मग एक दिवस डोकं तापलेलं असताना उघडतो आणि दोन मिनिटं बरं वाटतं. मेंदू ते टिपून ठेवतो. पुढच्या वेळी डोकं तापलं की परत. असं शे-दोनशे वेळा झालं की मग नोटिफिकेशनचीही गरज राहत नाही, ताण हाच टुंग आवाज होतो. छातीत धडधड झाली की हात खिशाकडे. बक्षीस मिळतं म्हणून नव्हे, त्रास थोडा वेळ थांबतो म्हणून. माथियास ब्रांड हे संशोधक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा सवयींचं एक मॉडेल २०१६ मध्ये मांडलं आणि २०१९ मध्ये सुधारलं, त्यातही हेच आहे की आधी मजेसाठी होणारी गोष्ट पुढे पुढे फक्त कळ थांबवण्यासाठी होत जाते. आणि त्या दोन मिनिटांनंतर जे राहिलेलं काम असतं, गेलेले पैसे असतात, झोपेचं खोबरं झालेलं असतं, त्याचाच परत ताण, म्हणजे घंटा वाजवणारा पण आपणच.

माझ्या धाकट्या भावाचं गेमचं असंच होतं. आमच्याकडेच राहतो, परीक्षेची तयारी करतोय, निकाल एकदा मनासारखा लागला नाही आणि त्यानंतर रात्र रात्र मोबाइलवर. गेममध्ये रोज हजेरी लावली तर रोज काहीतरी मिळतं, एक दिवस चुकला की स्ट्रीक तुटते, टीमची लढाई ठरावीक वेळेला, नाही गेलास तर बाकीचे शिव्या घालणार, म्हणजे तिथेही एक नोकरीच. मी मोठा भाऊ म्हणून जे करायचं ते केलं, ओरडलो. रोज ओरडलो. मोबाइल काढून घ्यायची धमकी दिली, तुझ्या वयाचे असताना आम्ही वगैरे सगळं म्हणून झालं. एके दिवशी तो अगदी शांतपणे म्हणाला, “दादा, तू ओरडून खोलीतून गेलास ना की मला सगळ्यात जास्त खेळावंसं वाटतं. जिंकायचं पण नसतं मला. नुसतं डोकं बंद व्हायला हवं असतं.” मी काय बोलणार यावर. ऑफिसात मी लोकांना नोटिफिकेशन पाठवत होतो आणि घरी मी स्वतःच भावाचं नोटिफिकेशन झालो होतो.

मग त्याच्या वहिनीने एक साधी युक्ती काढली. तिने त्याला सांगितलं की बंद काही करू नकोस, फक्त मोबाइल उघडलास की त्याच्या पाच मिनिटं आधी काय झालं होतं ते वहीच्या मागच्या पानावर एका ओळीत लिही. आठवड्याने ते पान आम्ही तिघांनी वाचलं. कंटाळा आला म्हणून अशा ओळी होत्या थोड्या, पण बाकी सगळं, ‘एक गणित तीनदा चुकलं’, ‘मित्राचा निकाल कळला’, ‘दादा’, ‘दादा’, ‘उद्या टेस्ट’. माझं नाव असं नुसतं दोनदा लिहिलेलं बघून कसंतरीच झालं.

इथे एक सांगायला हवं, जास्त खेळणारा प्रत्येक जण आजारी नसतो, आणि ही गल्लत तुमच्या पत्रलेखकांकडून फार होते. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीत, आयसीडी-११ मध्ये, गेमिंगचा विकार १ जानेवारी २०२२ पासून लागू झालाय, पण त्याला अटी आहेत. खेळण्यावर ताबा उरलेला नसणं, बाकी सगळ्या कामांच्या आणि आवडींच्या वर गेम जाऊन बसणं, नुकसान होतंय हे दिसूनही चालूच राहणं, आणि यातून माणसाचं घर, शिक्षण, काम खरोखर मोडकळीला येणं, हे साधारण वर्षभर दिसलं तर. सुट्टीत दोन दिवस खेळत बसलेल्या पोराला व्यसनी म्हणायचं कारण नाही. शॉपिंगचं तर त्या यादीत स्वतंत्र नावही नाही, आवेग न आवरण्याच्या इतर प्रकारांत कुठेतरी उदाहरण म्हणून येतं, आणि म्हणून लोक हसतात, ‘शॉपिंगचं कसलं व्यसन’. एमिल क्रेपेलिन या जर्मन डॉक्टरने शंभराहून जास्त वर्षांपूर्वी खरेदीच्या वेडाला नाव देऊन ठेवलंय, तेव्हा मोबाइल सोडा, रेडिओसुद्धा घरोघरी नव्हता. तेव्हा हे नवीन पिढीचं थेर वगैरे म्हणण्यात अर्थ नाही.

अ‍ॅप डिलीट केलं की सुटलं, हा दुसरा आवडता सल्ला. मी शॉपिंगचं अ‍ॅप किती वेळा डिलीट केलं असेल ते मलाच माहीत. चार आठवडे काही नाही, आणि मग एका वाईट दिवशी जणू मधे काही झालंच नाही असं परत. पावलोव्हच्या कुत्र्यांचंही असंच व्हायचं, खायला न देता नुसता आवाज करत राहिलं की लाळ यायची बंद व्हायची, पण मधे थोडा वेळ गेला आणि परत आवाज केला की लाळ हजर. शिकलेलं पुसलं जात नाही, त्याच्यावर नवीन काहीतरी बसतं आणि ते पातळ असतं.

व्हिएतनाम युद्धातल्या अमेरिकन सैनिकांची गोष्ट इथे आठवते. तिथे बऱ्याच जणांना हेरॉइनची सवय लागली होती आणि ते परत आले की काय होईल याची सरकारला धास्ती होती. ली रॉबिन्स या संशोधक बाईंनी १९७१ मध्ये परतलेल्या सैनिकांचा पाठपुरावा केला तर त्यातल्या बहुतेकांचं व्यसन घरी आल्यावर परत जडलंच नाही. कारणं बरीच असतील, माल सहज मिळत नव्हता हेही असेल, पण एक मोठं कारण असं सांगतात की ती जागा, ती माणसं, ती भीती, म्हणजे सवयीला हाका मारणारं सगळंच तिकडे मागे राहिलं. आमचं काय आहे की आमचं युद्ध पण खिशातच आणि आमचा नशा पण खिशातच. बॉसचा मेसेज ज्या स्क्रीनवर येतो त्याच स्क्रीनवर अंगठाभर अंतरावर गेम आहे, सेल आहे, बँकेचा मेसेज पण तिथेच येतो. ताण देणारी आणि ताण विसरायला लावणारी वस्तू एकच असणं हे आधी कधी झालं असेल असं मला वाटत नाही, आणि तिला घरी ठेवून बाहेर पडायची पण सोय नाही कारण त्याशिवाय काम होत नाही.

आम्ही घरात काय केलं ते लिहितो, उपदेश म्हणून नव्हे, नाहीतर पत्र अर्धवट वाटेल. जे करायचं ते डोकं थंड असताना, सुट्टीच्या दिवशी सकाळी करून ठेवलं, तापलेल्या डोक्याकडून कसलीच अपेक्षा ठेवली नाही. शॉपिंग आणि गेमची नोटिफिकेशन बंद. सेव्ह केलेलं कार्ड काढून टाकलं, आता प्रत्येक वेळी उठून पाकीट शोधून सगळे आकडे टाकावे लागतात आणि त्या उठण्यातच अर्ध्या वेळा विचार बदलतो. रात्री घ्यावंसं वाटलेलं कागदावर लिहून ठेवायचं आणि सकाळी बघायचं, सकाळी ती यादी दुसऱ्याच कोणीतरी लिहिल्यासारखी दिसते. मोबाइल झोपायच्या खोलीबाहेर चार्जिंगला. भावाने टीम सोडली नाही, वेळ ठरवून खेळतो, आणि मी ओरडणं बंद केलंय, म्हणजे कमी केलंय. हे सगळं करूनही गेल्या महिन्यात एका वाईट फोननंतर मी एक दिवा मागवलाच. तो मात्र उघडला, आणि लावलाय पण.

कंपन्यांकडून माझी अपेक्षा फार मोठी नाही, मी आतून बघितलंय. पण रात्रीची नोटिफिकेशन मुळातच बंद असावीत आणि ज्याला हवी त्याने स्वतः चालू करावीत, हे एका दुपारचं काम आहे, त्याला कुठली नवी टेक्नॉलॉजी लागत नाही. आम्ही ते मीटिंगमध्ये एकदा सुचवलं होतं. रात्रीचा आकडा स्क्रीनवर दाखवला गेला आणि विषय तिथेच संपला.

आणि जाता जाता, राग मानू नका, तुमच्या पेपरच्या अ‍ॅपचा लाल ठिपका पण माझ्या मोबाइलवर रात्री साडेअकराला उगवतो, ‘मोठी बातमी’ म्हणून, आणि उघडलं तर सकाळचीच बातमी असते. मी तुमच्या टीममधल्या त्या माणसाला ओळखत नाही पण त्याची ए-बी टेस्ट चालू आहे हे मला लांबूनही कळतं. हे पत्र छापलंत तर त्याचं नोटिफिकेशन दुपारी पाठवायला सांगा त्याला.

आपला,
एक जुना वाचक
(नाव छापू नये ही विनंती)